वजन उतरवताना मोजावे काय?

चातुर्मास संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पर्युषणापूर्वी 'अठाई करावी म्हणते, प्रकृतीला झेपेल ना?' असे विचारणारे वाचक कार्तिकात 'उतरलेले वजन परत आले, आता काय करू?' असे विचारू लागतात. या वेळच्या पत्रांतील एक पत्र मात्र जरा निराळे आहे. पत्रलेखिका बावन्न वर्षांच्या आहेत. रक्तातील साखर काठावर आली आहे, गुडघे कुरकुरू लागले आहेत आणि डॉक्टरांनी सात-आठ किलो वजन उतरवण्यास सांगितले आहे. त्यांनी मुलाकडून मोबाइलमध्ये आहार नोंदवण्याची सोय करून घेतली. सतरा दिवस प्रत्येक घास इमानाने नोंदवला. मोबाइलला खाखरा ठाऊक होता, पण त्यांच्या घरची डाळढोकळी ठाऊक नव्हती. वाटी कोणत्या मापाची, हेही त्याला कळेना. अठराव्या दिवशी पाहुणे आले आणि नोंद थांबली ती थांबलीच. त्यांचा प्रश्न असा: सगळे मोजणे जमत नाही, मग नेमके काय मोजू?

हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. 'काय खाऊ, काय टाळू' याची उत्तरे चोहीकडून मिळतात. 'काय मोजू' हे फारसे कोणी विचारीत नाही.

मोजणे आपल्याला मुळीच नवे नाही. चौदा नियम धारण करणारे श्रावक-श्राविका सकाळी दिवसभराची मर्यादा ठरवतात आणि सायंकाळी ती कितपत पाळली गेली ते आठवून पाहतात. त्या चौदांपैकी सचित्त, द्रव्य, विगई, तांबूल आणि शेवटचा भत्त हे पाच नियम थेट मुखात जाणाऱ्या वस्तूंचे आहेत. तांबूल या शब्दाखाली जेवणानंतरचा मुखवाससुद्धा येतो. पूर्वजांच्या नजरेतून तोही सुटला नाही. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत उपवासाच्या पाठोपाठ ऊनोदरी येते आणि तिच्या विवेचनात पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस कवळांचा व स्त्रीचा अठ्ठावीस कवळांचा धरून, त्याहून कमी घेणे किती प्रकारचे, याचा तपशील दिलेला आहे. घास मोजणारी परंपरा आपली आहे. मोबाइलने ती आणलेली नाही.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तप निर्जरेसाठी असते. ते वजनाच्या खात्यात जमा करू नये; तसे केल्याने तपही उणावते आणि वजनाचा हिशेबही चुकतो. तो कसा चुकतो ते पुढे येईलच. परंतु मर्यादा ठरवून संध्याकाळी ती तपासण्याची जी सवय घराघरांत आहे, तिचा शरीराच्या कामी उपयोग करून घेण्यास काहीच हरकत नाही. प्रश्न उरतो तो मर्यादा कोणत्या वस्तूवर घालायची एवढाच.

द्रव्यसंख्येचे उदाहरण घेऊ. 'आज अकरा द्रव्ये' असे ठरवणाऱ्याच्या ताटातील विविधता आपोआप आवरली जाते. हे वजनाच्या दृष्टीनेही हिताचे आहे, कारण प्रत्येक नवी चव विझत आलेली भूक पुन्हा चेतवते. पुरीभाजीने पोट भरल्यावर सातवी पुरी नको वाटते, पण बासुंदीची वाटी समोर आली की जागा सापडते. लग्नाच्या जेवणात चाळीस पदार्थ मांडलेले असतात तेथे हेच घडते. तरीही वजनाचे माप म्हणून द्रव्यसंख्येला एक मोठे भगदाड आहे. कोरडा फुलका हे एक द्रव्य आणि तुपात भिजलेला शिरा हेही एकच द्रव्य. पातळ ताक एक, श्रीखंड एक. अकराची आठ द्रव्ये झाली तरी त्या आठांत काय आहे, यावर सारे अवलंबून राहते.

त्या मानाने विगईची यादी विलक्षण अचूक आहे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि सहावी कढाविगई, म्हणजे तळलेले पदार्थ. दिगंबर परंपरेच्या रसपरित्यागातही जवळपास हीच नावे आहेत. तेथे तळणाच्या जागी मीठ येते. या सहांना विगई म्हणण्यामागचे कारण चित्तात उठणारी विकृती हे आहे, कंबरेचा घेर नव्हे. पण आजच्या आहारशास्त्राच्या जाणकाराला भारतीय शाकाहारी घरातील दाट ऊर्जेच्या वस्तूंची यादी करायला सांगितली, तर तूप, तेल, साखर आणि तळण ही चार नावे तो पहिल्या श्वासात घेईल. आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. तेल मोजून झाले असतानाही तळलेले वेगळे मोजले आहे. दोन्हींतील फरक स्वयंपाक करणाऱ्याला समजतो. फोडणीचे तेल पळीने मापता येते. पुरीने किती तेल प्यायले ते कढईलाच ठाऊक.

आता सगळे मोजणे का फसते, ते पाहू. 1992 साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. 'आम्ही अगदी कमी खातो, तरी वजन हलत नाही' असे सांगणाऱ्या स्थूल व्यक्तींची त्यांनी तपासणी केली. शरीर प्रत्यक्षात किती ऊर्जा खर्च करते हे मोजण्याच्या खात्रीशीर पद्धती वापरल्या आणि त्यांची त्या व्यक्तींच्या नोंदींशी तुलना केली. त्यांच्या चयापचयात दोष नव्हता. नोंदवलेला आहार मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी होता आणि नोंदवलेली हालचाल प्रत्यक्षापेक्षा 51 टक्क्यांनी जास्त होती. ही माणसे खोटे बोलत होती असे समजण्याचे कारण नाही. जे नजरेला दिसत नाही ते वहीत उतरत नाही, इतकेच.

म्हणून नोंद निरुपयोगी ठरते काय? तसेही नाही. अमेरिकेतच सुमारे 1,700 व्यक्तींच्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज आहार लिहिणाऱ्यांचे वजन मुळीच न लिहिणाऱ्यांच्या दुपटीने उतरले होते. लिहिण्याने फायदा होतो. पण पाहुणे आले की जी वही मिटते, ती लिहिण्याचा फायदा अठराव्या दिवशी संपतो. तेव्हा जे दिसत नाही तेच मोजावे, आणि पाहुण्यांच्या गर्दीतही टिकेल अशा ठिकाणी मोजावे.

आपल्या घरांत न दिसणारी वस्तू म्हणजे स्निग्ध पदार्थ. पिठूळ पदार्थांतून आणि प्रथिनांतून ग्रॅममागे सुमारे 4 कॅलरी मिळतात, तेला-तुपातून 9. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे 40 कॅलरी, एक चमचा तूप म्हणजे सुमारे 45. फुलक्याला लावलेले तूप ताटात दिसते तरी. भाजीतले, डाळीच्या फोडणीतले, ठेपल्याच्या कणकेतल्या मोहनातले, खाखरा शेकताना फिरवलेले तेल जेवणाऱ्याला दिसत नाही. त्यात आपल्या स्वयंपाकाची आणखी एक तऱ्हा आहे. कांदा, लसूण, बटाटा नसल्यामुळे रश्शाला दाटपणा आणि चव आणण्यासाठी शेंगदाण्याचा कूट, तीळ, खोबरे, काजू, मगज आणि वरून शेव यांचा आधार घेतला जातो. या वस्तू पौष्टिक आहेत हे खरे, पण शेंगदाण्याच्या वजनात निम्मे तेल असते हेही तितकेच खरे. तीस ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे छोटी मूठभर, सुमारे 170 कॅलरी देतात.

जेवणाऱ्याच्या ताटात हे सारे शोधण्यापेक्षा उगमाशी मोजावे: किराण्याच्या यादीत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका काढली. तिच्यात दिवसाला 2000 कॅलरींचा नमुना आहार दिला आहे. त्यात दृश्य तेल-तूप 27 ग्रॅम आहे आणि कच्च्या डाळी-कडधान्ये 85 ग्रॅम. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. चार माणसांच्या घरात महिन्याला तेलाचा पाच लिटरचा एक डबा आणि एक किलो तूप लागते असे समजा. पाच लिटर तेलाचे वजन साधारण साडेचार किलो. माणशी, दिवसाला, हे तेल सुमारे 38 ग्रॅम होते आणि तूप सुमारे 8, एकूण 46. शिफारशीहून 19 ग्रॅम जास्त, म्हणजे रोज सुमारे 170 कॅलरी. महिन्याच्या त्या पाच हजारांहून थोड्या जास्त होतात. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. कागदावर हा महिन्याला अर्ध्या किलोहून अधिक चरबीचा हिशेब झाला. प्रत्यक्षात शरीर इतके सरळ गणित पाळत नाही. खाणे घटले की तेही खर्च आवरते, आणि वजन जसे उतरते तसा वेगही मंदावतो. तरी दिशा हीच. आणि हे करताना कोणाचा घास मोजावा लागला नाही, डाळढोकळीतल्या कॅलरी शोधाव्या लागल्या नाहीत. महिन्यातून एकदा, दहा मिनिटांचे काम.

बाहेरून आलेले फरसाण मात्र या डब्यात धरले जात नाही. शेव, गाठिया, चिवडा, कचोरी ही दुकानातल्या कढईतून येतात. म्हणून परंपरेने जसे तळण वेगळे धरले, तसे आपणही वेगळे धरावे. येथे ग्रॅम नकोत, दिवस मोजावेत. आठवड्यातील किती दिवस तळलेली वस्तू तोंडात गेली, एवढेच दिनदर्शिकेवर रेघ ओढून नोंदवावे. मूठभर शेवेतून सुमारे दीडशे कॅलरी येतात, आणि पोहे, उपमा, भेळ, भाजी अशा कशावरही ती मूठ सहज पडते. पत्रलेखिका भगिनींनी पहिल्या महिन्यात काहीही कमी न करता नुसत्या रेघा ओढाव्यात. सहा-सात रेघा दिसल्या की पुढचे वेगळे सांगावे लागत नाही.

साखरेचा हिशेबही त्याच यादीत होतो. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले आहे आणि 5 टक्क्यांच्या आत आल्यास अधिक बरे असे म्हटले आहे. हे 5 टक्के म्हणजे दिवसाला सुमारे 25 ग्रॅम. चार माणसांना महिन्याचे तीन किलो झाले, आणि त्यात गूळ, मध टाळणाऱ्यांची खडीसाखर, सरबते, मिठाई सर्व आले. गूळ 'आरोग्याला चांगला' म्हणून हिशेबाबाहेर ठेवण्याची पद्धत आहे. विगईच्या यादीत गूळ आणि साखर एकाच ओळीत बसतात, ते योग्यच आहे.

इथवर सारे कमी करण्याचे झाले. एक वस्तू वाढवण्यासाठी मोजायची आहे, आणि माझ्या मते आपल्या समाजात तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही उतरतात. पन्नाशीनंतर स्नायू जातात ते सहजासहजी परत येत नाहीत. मग गुडघे अधिक दुखतात, जिना जड जातो आणि पुढे वजन परत चढले तर ते चरबीच्या रूपाने चढते. हे टाळण्यासाठी व्यायामाबरोबर प्रथिने लागतात. निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. साठ किलोच्या व्यक्तीला ती 50 ग्रॅम होतात. वजन कमी करताना आणि उतारवयात 1 ग्रॅमच्या आसपास धरणे अधिक चांगले. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्यावा.

आता साधे ताट पाहा. चार फुलक्यांतून दहा-अकरा ग्रॅम. पेलाभर दुधातून सहा-सात. वाटीभर दह्यातून पाच. आमटी पातळ असेल तर वाटीला चार-पाच, घट्ट असेल तर सात. ही सगळी बेरीज तिशीच्या आसपास येते. राहिलेले वीस ग्रॅम कोठून येणार? येथे तो 85 ग्रॅमचा आकडा उपयोगी पडतो. तेवढ्या कच्च्या डाळी-कडधान्यांत सुमारे एकोणीस-वीस ग्रॅम प्रथिने असतात. चौघांच्या घरात ही महिन्याला दहा किलो डाळी-कडधान्ये झाली. यादी लिहिणाऱ्या भगिनी हा आकडा वाचून थबकतील. आपल्या यादीत तूर, मूग, चणा, मटकी, वाल, उडीद मिळून किती किलो आहेत ते एकदा जोडून पाहावे. तेलाचा आकडा खाली यावा आणि डाळीचा वर जावा. यादीतील या दोन ओळी विरुद्ध दिशांना सरकू लागल्या म्हणजे घराचे ताट बदलले असे समजावे.

हे आपल्या नियमांत बसते का, असा प्रश्न येईल, बसते. मोड आलेले धान्य जे वर्ज्य मानतात त्यांनी कडधान्य भिजवून, मोड न आणता शिजवावे. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरी कच्चे दही-ताक डाळीबरोबर चालत नाही. तेथे दही दुपारी फुलका-भाजीबरोबर आणि डाळ-उसळ दुसऱ्या बैठकीला घ्यावी, किंवा ताक नीट गरम करून मग त्याची कढी करावी. फुटाणे हे मधल्या वेळचे उत्तम खाणे आहे: तीस ग्रॅममध्ये सहा ग्रॅम प्रथिने, आणि तेल शेंगदाण्याच्या मानाने अगदी थोडे. तिथीच्या दिवसांकडे मात्र लक्ष द्यावे. पंचमी, अष्टमी, चतुर्दशीला हिरवी भाजी नसली की तिची जागा बहुधा शेवभाजी, तळलेले पापड आणि बेसनाचे पदार्थ घेतात. वास्तविक मूग, वाल, मटकी यांची उसळ आणि भाजलेला पापड हे तिथीचेच पदार्थ आहेत. महिन्यातील हे पाच-सहा दिवस, काही घरांत दहा-बारा, फरसाणाचे करायचे की कडधान्याचे करायचे हे आपल्या हाती आहे.

वेळेविषयी बऱ्याच जणांचा समज आहे की चौविहार पाळला की वजन आपोआप उतरते. परदेशात ठराविक तासांतच खाण्याची टूम निघाल्यापासून हा समज बळावला आहे. चीनमधील ग्वांगझूच्या संशोधकांनी 2022 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत बोलका आहे. त्यात 139 स्थूल व्यक्तींना सारख्याच कमी कॅलरींचा आहार वर्षभर दिला. त्यांपैकी एका गटाने तो सकाळी 8 ते दुपारी 4 याच वेळात घ्यायचा होता. वर्षाअखेर त्या गटाचे वजन सरासरी 8 किलोंनी उतरले आणि वेळेचे बंधन नसलेल्या गटाचे 6.3 किलोंनी, संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक नगण्य ठरला. वजन उतरवले ते कमी आहाराने. तेव्हा चौविहार त्याच्या स्वतःच्या कारणासाठी पाळावा. ती अहिंसेची आणि संयमाची बाब आहे, तिला वजनाच्या काट्याने तोलण्याची गरज नाही. एक धोका मात्र सांगण्याजोगा आहे. आता दिवस लहान होतील. मार्गशीर्षात मुंबई-पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. घरचा स्वयंपाक त्याआधी उरकलेला असतो. जो कमावता मुलगा किंवा सून चौविहार पाळत नाही, ते कार्यालयात साडेपाचला पोटभर नाश्ता करतात आणि साडेआठला घरी येऊन झाकून ठेवलेले ताटही संपवतात. एका दिवसात संध्याकाळची दोन जेवणे होतात आणि दोन्हींपैकी एकालाही ते जेवण म्हणत नाहीत. अशांनी घड्याळ मोजण्यापेक्षा बैठका मोजाव्यात. बियासणे करणारा आपल्या बैठका जितक्या स्वच्छपणे मोजतो, तितक्याच स्वच्छपणे.

आता वजनकाट्याविषयी. अठाईत तीन-चार किलो उतरले आणि पारण्यानंतर पंधरा दिवसांत बहुतेक परत आले, अशी तक्रार पत्रांतून दरवर्षी येते. उपवासाच्या पहिल्या दिवसांत शरीर साठवलेली शर्करा वापरते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते, तेही निघून जाते. आतडी रिकामी होतात. पारण्यानंतर हे सर्व पुन्हा भरते, आणि भरायलाच हवे. त्यामुळे तपाच्या आठवड्यात आणि त्यापुढचे पंधरा दिवस काट्यावर उभे राहूच नये. एरवीही आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचानंतर, एवढे पुरे.

काट्याहून मी शिंप्याच्या फितीला अधिक मान देतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली लॅन्सेटमध्ये एक छोटा पण फार गाजलेला लेख लिहिला. त्यात दोघांचे छायाचित्र होते. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, 22.3. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. भारतीय देह काट्यावर सडपातळ दिसतो आणि आत पोटाभोवती चरबी बाळगतो. मधुमेहाचा संबंध त्या चरबीशी आहे. म्हणूनच आपल्याकडे कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर अशी, पाश्चात्त्यांहून कडक धरली जाते. फीत शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे तर अंगावर, श्वास सहज सोडल्यावर धरावी. पोट आत ओढू नये. पंधरवड्यातून एकदा पुरे. पत्रलेखिकांची साखर काठावर आहे, म्हणून त्यांनी सात-आठ किलोंपेक्षा फितीवरील पाच-सहा सेंटिमीटरवर लक्ष ठेवावे. डाळ वाढून चालणे सुरू झाले असेल तर काटा थोडा थांबला तरी फीत सरकत राहते.

काहींनी यातले काहीच मोजू नये. वाढत्या वयाच्या मुलींना मोजण्याची वही हाती देऊ नये. त्या वयात आकड्यांची भीती मनात बसली तर अन्नाशी जन्माचे वैर होते आणि त्याचा उपचार वजन उतरवण्याहून कितीतरी अवघड असतो. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनीही नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा अथवा प्रमाण बदलण्यापूर्वी, आणि उपवास-आयंबिलापूर्वीही, डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. साखर एकाएकी खाली जाण्याचा प्रसंग जीवावर बेततो.

आणखी एक अडचण घराघरांतली आहे. आपल्याकडे प्रेम वाढून दाखवण्याची रीत आहे. मनुहार करून तोंडात घातलेला पेढा नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे, असे मानणारी ज्येष्ठ मंडळी अजून आहेत आणि त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. दुसऱ्या टोकाला, एकाने वजन उतरवायला घेतले की घरातील दुसरा त्याच्या फुलक्यावरचे तूप मोजू लागतो. सुनेच्या ताटाकडे सासूचे डोळे आणि नवऱ्याच्या ताटाकडे बायकोचे, असे सुरू झाले की खाणे चोरून होऊ लागते, आणि चोरून खाल्लेले कोणत्याच वहीत येत नाही. किराण्याच्या यादीवर मोजण्याचा मोठा फायदा येथे आहे. ती साऱ्या घराची असते. तेल कमी लागले तर श्रेय आणि जास्त लागले तर जबाबदारी कोणा एकाची नसते, आणि आजोबांच्या तुपाच्या वाटीला हात न लावताही आकडा खाली आणता येतो. फोडणीसाठी डब्यातून थेट तेल न ओतता एक छोटा चमचा तेलाच्या बरणीतच ठेवला, तरी पहिल्या महिन्यात फरक दिसतो.

यादी हाती घेण्याची वेळ सोयीची आहे. दिवाळीचे तळण आटोपले आहे आणि लग्नसराईला थोडा अवकाश आहे. नवा डबा फोडाल त्या दिवशी झाकणावर पेनने तारीख लिहावी, घरात जेवणारी माणसे किती तेही लिहावे. तळून उरलेले आणि टाकून दिलेले तेल वजा धरावे. आठ-दहा पाहुणे राहून गेले तर त्यांचे दिवस मिळवावेत. एका डब्यावरून काहीच ठरवू नये. एखाद्या महिन्यात लग्न असते, एखाद्यात डिंकाचे लाडू. सलग तीन डब्यांच्या तारखा पाहाव्यात, म्हणजे फाल्गुनापर्यंत घराचा खरा आकडा हाती येईल, आणि तो ज्यांना कळवावासा वाटेल त्यांनी या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवावा.